अंगण खरेच वाकडे असेल तर?

'नाचता येईना, अंगण वाकडे' ही म्हण आपल्या घराघरांत इतक्या सहजपणे वापरली जाते की ती म्हण नसून निकाल आहे असे वाटावे. मुलाने लेखणी नीट चालत नाही म्हटले, गड्याने विळ्याला धार नाही म्हटले, शिकाऊ वादकाने तबला उतरला आहे म्हटले, की ही म्हण पुढे येते आणि तक्रार करणाराचे तोंड बंद होते. म्हणीत मोठे सत्य आहे, हे कोणीही नाकारणार नाही. आपल्या उणिवेचे खापर हातातल्या साधनावर फोडण्याची खोड माणसाला फार पुरातन आहे. परंतु ही म्हण एक गोष्ट गृहीत धरून चालते. अंगण सरळच आहे, असे ती मानते. ते तपासून पाहण्याची तसदी ती घेत नाही. अंगण खरेच वाकडे असेल तर काय, हा प्रश्न तिला पडत नाही. आम्हांस तो पडतो, आणि प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

साधन आणि माणूस यांच्या संबंधात दोन प्रकारचे खोटेपण संभवते. आपल्या दोषाचे ओझे साधनावर टाकणे हे एक. त्यास आपण आत्मवंचना म्हणू. साधनाच्या दोषाचे ओझे माणसावर टाकणे हे दुसरे; त्यास अन्याय म्हटले पाहिजे. पहिल्याविरुद्ध आपल्यापाशी म्हण आहे. दुसऱ्याविरुद्ध नाही. योग्य साधन निवडणे म्हणजे या दोहोंच्या मधली वाट शोधणे, आणि ती दिसते तितकी सोपी नाही.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आम्ही जे उदाहरण घेतले आहे त्याने वाचकांना नवल वाटेल. ते गोल्फच्या काठ्यांचे आहे. धूलकोटच्या परिसरात गोल्फचे मैदान नाही. सातपुड्याच्या या कुशीत कापूस पिकतो, मका पिकतो, आणि आठवडी बाजारात ज्या काठ्या विकल्या जातात त्या वेगळ्या कामाच्या असतात. परंतु आपल्या जुन्या मराठी घरांतील मुले आता इंदूर, पुणे, बंगळूर येथे आणि परदेशी नोकऱ्यांस आहेत. त्यांच्यापैकी काहींच्या हाती हा खेळ आला आहे, आणि दिवाळीला ती घरी आली म्हणजे कोणता संच घ्यावा, केवढ्याचा घ्यावा, मुलासाठी आताच घ्यावा की थांबावे, अशी चर्चा ओसरीवरही ऐकू येते. मराठी माणसाला हा खेळ अगदीच परका आहे असेही नाही. बडोद्यास लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात प्रतापसिंहराव गायकवाडांनी १९३० च्या दशकात गोल्फचे मैदान करविले. पुण्याचे उदयन माने २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळले. आणि आपल्यापासून फार दूर नाही अशा महूचे मुकेश कुमार यांनी २०१६ साली दिल्लीत पॅनासोनिक ओपन जिंकली, तेव्हा ते एक्कावन्न वर्षांचे होते. देशांतर्गत स्पर्धांत शंभराहून अधिक विजेतेपदे मिळविलेल्या या खेळाडूचे आशियाई दौऱ्यावरील ते पहिलेच विजेतेपद होते.

हे उदाहरण घेण्याचे खरे कारण मात्र निराळे आहे. क्रिकेटमध्ये चेंडू कोणी तरी टाकतो, कुस्तीत समोरचा मल्ल जोर लावतो. तेथे यशापयशाचे वाटेकरी पुष्कळ असतात. गोल्फमध्ये चेंडू गवतावर स्थिर पडलेला असतो. प्रतिस्पर्धी त्याला हात लावीत नाही. खेळाडूला हवा तेवढा विचार करून तो मारावयाचा असतो. माणूस, त्याच्या हातातली काठी आणि चेंडू, एवढाच काय तो संसार. चेंडू भलतीकडे गेला तर दोष माणसाचा की काठीचा, हा प्रश्न येथे जितक्या निर्मळ स्वरूपात उभा राहतो तितका तो क्वचितच राहत असेल.

या काठीला इंग्रजीत क्लब म्हणतात. आपल्याकडे क्लब म्हटले म्हणजे जिमखाना डोळ्यांपुढे येतो, म्हणून आम्ही काठी हाच शब्द ठेवतो. काठीचे तीन भाग: मूठ, दांडा आणि चेंडूला भिडणारे पाते. पात्याचा उतार जितका अधिक तितका चेंडू उंच उडतो आणि कमी अंतर जातो. लांबचा टोला मारण्याच्या ड्रायव्हरला सुमारे १० अंशांचा उतार असतो, वाळूच्या खड्ड्यातून चेंडू काढण्याच्या वेजला सुमारे ५६ अंशांचा, आणि चेंडू छिद्रात ढकलण्याच्या पटरचे पाते जवळजवळ उभे असते. या दोन टोकांच्या मध्ये उरलेल्या बहुतेक काठ्या बसतात. दुकानात गेलेल्या माणसाला हे पात्यांचे प्रदर्शनच मोहात पाडते. आणि ज्यांवर खरे लक्ष द्यावयाचे ती लांबी, तो दांडा, ती मूठ, ती जमिनीशी होणारी बैठक त्याच्या ध्यानातही येत नाहीत.

येथे धूलकोटचा बाजार आठवतो. आपल्या भागात कुऱ्हाड घेणारा माणूस लोखंडाचे पाते विकत घेतो. दांडा तो आपल्या हाताच्या मापाने धावड्याच्या लाकडाचा बसवितो किंवा जाणत्याकडून बसवून घेतो. उंच माणसाची कुऱ्हाड आणि ठेंगण्याची कुऱ्हाड एक नसते, पोराच्या हाती बापाची कुऱ्हाड देत नाहीत, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. दांडा फार लांब झाला तर घाव चुकतो, आखूड झाला तर कंबर मोडते. गोल्फच्या जगात आज याच ज्ञानासाठी यंत्रे आहेत, कॅमेरे आहेत, तज्ज्ञ आहेत. सरळ उभ्या राहिलेल्या माणसाच्या मनगटापासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजतात आणि त्याच्या उंचीशी ताडून काठीची लांबी ठरवितात. टोल्याचा वेग मोजून दांडा किती लवचिक हवा ते सांगतात. सातपुड्यातल्या शेतकऱ्याने जे हाताने जाणले तेच येथे आकड्यांनी जाणले जाते.

आता प्रथम माणसाच्या दोषाकडे वळू. गोल्फच्या काठ्या विकत घेणाऱ्यांपैकी पुष्कळजण आपल्या आजच्या खेळासाठी काठ्या घेत नाहीत. उद्या आपण जसे खेळू अशी कल्पना असते त्या माणसासाठी घेतात. नामवंत खेळाडूच्या हाती दिसलेले पातळ, घडीव पाते त्यांना हवे असते. तसल्या पात्याचा अचूक बिंदू फार लहान असतो. तो साधणे वर्षानुवर्षांच्या सरावाचे काम आहे. नवशिक्याच्या हाती ते पाते म्हणजे अलंकार. काठी महाग असते, सराव कष्टाचा असतो, आणि पैसे देऊन कष्ट टाळता येतील अशी आशा माणसाच्या मनात खोलवर दडलेली असते. अशी खरेदी झाली की काही दिवस उत्साह टिकतो. मग पुन्हा चेंडू झाडीत जाऊ लागतात, आणि दुसरी काठी शोधण्याची वेळ येते. ज्याची तक्रार प्रत्येक नव्या काठीबरोबर तशीच राहते त्याला म्हण अगदी चपखल लागू आहे. त्याचे अंगण सरळ आहे.

या खेळाने स्वतःच या लोभाला एक मर्यादा घातली आहे. १९३० च्या दशकात काही खेळाडू पंचवीस-तीस काठ्या घेऊन मैदानात उतरू लागले; प्रत्येक प्रसंगासाठी वेगळी काठी. कौशल्याची जागा साधनांची संख्या घेऊ लागली, तेव्हा अमेरिकेत १९३८ साली आणि ब्रिटनमध्ये १९३९ साली नियम झाला की पिशवीत चौदाहून अधिक काठ्या नसाव्यात. पंधरावी आढळली तर दंड. २००१ च्या ब्रिटिश ओपनमध्ये इयन वूसनम अखेरच्या दिवशी आघाडीवरच्या खेळाडूंत होते. पहिल्या खड्ड्यावर त्यांनी उत्तम खेळ केला, आणि दुसऱ्यावर पोहोचल्यावर कॅडीने सांगितले की पिशवीत पंधरा काठ्या आहेत. सरावासाठी घेतलेला एक जादा ड्रायव्हर तसाच राहून गेला होता. दोन फटक्यांचा दंड बसला. चूक कॅडीच्या हातून घडलेली, परंतु नियमाच्या दृष्टीने पिशवीची जबाबदारी खेळाडूचीच. आपण काय वागवितो याचा हिशेब आपणच ठेवावयाचा असतो. १९१६ साली चिक एव्हान्स यांनी अमेरिकन ओपन जिंकली ती केवळ सात काठ्या बाळगून, हेही येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे. निवड म्हणजे काय घ्यावे एवढेच नव्हे. काय टाकावे हाही तिचा तितकाच मोठा भाग आहे.

इथवर म्हणीचा विजय झाला. परंतु दुसरी बाजू पाहिल्यावाचून न्याय होणार नाही.

काठीचे पाते जमिनीवर टेकले असता दांडा जमिनीशी जो कोन करतो तो खेळाडूच्या उंचीप्रमाणे व उभे राहण्याच्या पद्धतीप्रमाणे हवा. तो गरजेहून अधिक उभा असेल तर पात्याची टाच जमिनीत रुतते आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडे जातो. फार निजलेला असेल तर पुढचे टोक रुतते आणि चेंडू उजवीकडे जातो. समजा एखाद्या उंच मुलाच्या हाती अशी निजलेल्या कोनाची काठी आली. त्याचा टोला शुद्ध आहे, पण चेंडू नेमाने उजवीकडे जातो. तो काय करील? गुरुजन म्हणतील, तुझेच चुकते. मग तो आपले मनगट वळवू लागेल, खांदा फिरवू लागेल, आणि महिन्या-दोन महिन्यांत चेंडू सरळ जाऊ लागेल. सर्वांना वाटेल, मुलगा सुधारला. प्रत्यक्षात काठीचा वाकडेपणा त्याच्या अंगात उतरलेला असतो. पुढे कोणी त्याला योग्य काठी दिली तर त्याच्या हातून पहिल्याने चेंडू डावीकडेच जाईल, आणि लोक म्हणतील, पाहा, चांगली काठी देऊनही काय उपयोग!

आम्हांस या उदाहरणात सर्व प्रश्नाचे मर्म दिसते. चुकीचे साधन केवळ काम बिघडवीत नाही. ते माणसाला आपल्यासारखे घडविते. वाकड्या अंगणात जी नाचावयास शिकली तिचे पाऊल सरळ अंगणात अडखळणारच. म्हणून 'आधी येऊ दे, मग चांगले साधन देऊ' हा वडीलधाऱ्यांचा न्याय वरवर शहाणपणाचा असला तरी त्यात धोका आहे. महागडे साधन थांबू शकते. मापाचे साधन थांबू शकत नाही.

मुलांच्या बाबतीत ही गोष्ट विशेष खरी आहे. घरातल्या मोठ्या माणसाची जुनी काठी कापून आखूड करावी आणि मुलाच्या हाती द्यावी, अशी पद्धत सर्वत्र होती व आजही आहे. काटकसर म्हणून ती वंदनीय वाटते. पण दांडा कापला की तो अधिक ताठ होतो, आणि पाते मोठ्या माणसाच्याच वजनाचे राहते. मुलाला ती काठी फिरवीत नाही. तीच मुलाला फिरविते. स्त्रियांच्या बाबतीत याच्या उलट घडते. स्त्री म्हटली की हलकी, आखूड, मऊ दांड्याची काठी, असे दुकानदारही गृहीत धरतो. पण उंच आणि जोरकस टोल्याच्या मुलीला ती अपुरी पडते. माप माणसाचे घ्यावयाचे सोडून वर्गाचे घेतले की असे होते. चपलेच्या दुकानात कोणी 'स्त्रीचा पाय' म्हणून एकच माप देत नाही, येथे मात्र ते चालून जाते.

डावखुऱ्यांचे उदाहरण तर आपल्या अगदी जवळचे आहे. डाव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाच्या बोटांवर छडी मारून त्याला 'सुधारण्याची' रीत आपल्या शाळांतून व घरांतून दीर्घकाळ चालली. गोल्फमध्ये छडीची गरजच पडली नाही. डाव्या बाजूच्या काठ्या दुर्मिळ असल्याने डावखुरी मुले आपोआपच उजव्या बाजूने खेळू लागली. डाव्या बाजूने खेळून मोठी स्पर्धा जिंकणारे पहिले खेळाडू न्यूझीलंडचे बॉब चार्ल्स. त्यांनी १९६३ साली ब्रिटिश ओपन जिंकली. ही स्पर्धा १८६० पासून चालत आलेली आहे हे ध्यानात घेतले म्हणजे मधल्या शंभर वर्षांचा अर्थ कळतो. त्या काळात डावखुऱ्यांत गुण नव्हते असे कोण म्हणेल? आज आपल्या देशाची दीक्षा डागर डाव्या बाजूनेच खेळते. जन्मतः श्रवणदोष असलेल्या या मुलीने २०२२ साली ब्राझीलमध्ये झालेल्या कर्णबधिरांच्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविले.

अंगण वाकडे आहे की पाय, हे प्रामाणिकपणे तपासण्याचा नमुना म्हणून जीन सॅरझन यांचे नाव घ्यावेसे वाटते. वाळूच्या खड्ड्यातून चेंडू काढणे या अव्वल खेळाडूला जड जात असे. त्यांनी सराव सोडला नाही. पण सरावाने दोष जाईना तेव्हा त्यांनी काठीकडे पाहिले. त्या काळच्या काठीची धार वाळूत खोल रुतत होती. पात्याच्या तळाला शिशाचा जोड देऊन त्यांनी ते असे घडविले की ते वाळूत न रुतता तिच्यावरून सरकावे. १९३२ ची ब्रिटिश ओपन त्यांनी या काठीनिशी जिंकली, आणि आज ती जगातल्या बहुतेक प्रत्येक पिशवीत आहे. प्रथम स्वतःला तपासले, मग काठीला. आणि काठीचा दोष आढळला तेव्हा तो बोलून दाखविण्याची लाज बाळगली नाही. हा क्रम आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. ज्यांना काहीच मिळाले नाही ते मोठे झालेच ना? स्पेनचे सेव्हे बायेस्तेरोस लहानपणी समुद्रकाठच्या वाळूत एकाच जुन्या लोखंडी काठीने खेळत, आणि १९७९ साली ब्रिटिश ओपन जिंकले. दिल्लीचे अली शेर पूर्वी कॅडी होते. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक ठरले. एस. एस. पी. चौरसिया यांचे वडील कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबच्या मैदानाची निगा राखीत. मुलगा त्याच मैदानावर पाहून पाहून शिकला आणि २०१६ व २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे इंडियन ओपनचा विजेता झाला. मग साधनाचे एवढे कौतुक कशाला?

या कथा खऱ्या आहेत आणि त्या मुलांना सांगाव्यातही. पण पूर्ण सांगाव्यात. बायेस्तेरोस यांचे मामा व थोरले भाऊ व्यावसायिक गोल्फपटू होते. खेळ त्यांच्या घरात होता. चौरसिया यांना काठ्यांची वाण असेल, परंतु देशातल्या सर्वांत जुन्या गोल्फ क्लबचे मैदान त्यांच्या दाराशी होते. यांपैकी कोणीही शून्यातून उभा राहिलेला नाही. साधनाचा एक भाग नव्हता, तेव्हा दुसरा होता. शिवाय जे पोहोचले त्यांच्याच कथा आपल्या कानी येतात. मुंबईस चेंबूर येथील बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबात खेळाडूंच्या पिशव्या वाहणाऱ्या तरुणांपैकी काहींनी आपल्या वस्तीतल्या बोळांत स्वतःचा गोल्फ सुरू केला. बांधकामावरची लोखंडी सळई वाकवून त्यांनी काठी केली आणि प्लॅस्टिकच्या चेंडूने ते खेळू लागले. पोलंडचे छायाचित्रकार तोमाश गुद्झोवाती यांनी काढलेली त्यांची छायाचित्रे देशोदेशी पाहिली गेली. पाहणाऱ्यांनी कल्पकतेची वाखाणणी केली, ती योग्यच होती. परंतु दिवसभर दुसऱ्याच्या चौदा काठ्या खांद्यावरून वाहणारा माणूस संध्याकाळी सळई वाकवितो, यात वाखाणण्याजोगे जितके आहे तितकेच खाली मान घालण्याजोगेही आहे. एकलव्याची कथा आपण अशीच सांगतो. त्याच्या निष्ठेचे पोवाडे गायचे, आणि त्याला विद्या का नाकारली हा प्रश्न टाळायचा. वंचिताच्या जिद्दीचे कौतुक हे त्याला साधन न देण्याचे निमित्त होऊ नये.

आणखी एक सूक्ष्म प्रश्न उरतो. १९५९ साली कार्स्टन सोल्हाइम या अभियंत्याने एक पटर बनविला, ज्यात पात्याचे वजन मध्यावर न ठेवता दोन्ही टोकांकडे वाटले होते. चेंडू मध्यबिंदू सोडून लागला तरी असे पाते कमी पिळवटते आणि चेंडू फारसा भरकटत नाही. पुढे हीच कल्पना इतर काठ्यांतही आली. गोल्फच्या भाषेत अशा काठीला क्षमाशील काठी म्हणतात. शब्द अन्वर्थक आहे. परंतु चूक झाकणारे साधन घेणे सचोटीचे आहे काय? काही जुने खेळाडू म्हणतात, पातळ पाते चूक तत्काळ हातात झणझणून सांगते. क्षमा करणारी काठी माणसाला झोपवून ठेवते.

आमच्या मते उत्तर शिकणाराच्या अवस्थेवर अवलंबून आहे. पाटी गिरविणाऱ्या मुलाला आपण दुरेघी वही देतो, ती त्याची अक्षरे खाली-वर होऊ नयेत म्हणून. तीस कोणी लबाडी म्हणत नाही. पण मोठेपणी दुरेघी वहीवर लिहून आपले अक्षर वळणदार आहे असे मिरविणे हास्यास्पद होईल. क्षमाशील काठी घेण्यात कमीपणा नाही. तिने दिलेली क्षमा आपली कमाई समजण्यात आहे. उलट, तिची गरज असताना केवळ मानापायी पातळ पाते बाळगणारा माणूस विनयाला पारखा झालेला असतो. दुकानात उभे राहून 'मी अजून नवशिका आहे' एवढे वाक्य स्वच्छ आवाजात म्हणता येणे, ही त्या खरेदीतली सर्वांत अवघड गोष्ट असावी. हाच खेळ मैदानावर किती कठोर सचोटी मागतो! १९२५ च्या अमेरिकन ओपनमध्ये आपला चेंडू किंचित हलल्याचे बॉबी जोन्स यांनी स्वतःहून सांगितले आणि एका फटक्याचा दंड ओढवून घेतला. पुढे बरोबरी होऊन निर्णायक लढतीत ते हरले. मैदानावरची ती सचोटी दुकानाच्या पायरीपासूनच सुरू व्हावयास हवी.

वयाबरोबर माप बदलते, हेही विसरून चालणार नाही. साठी उलटलेल्या माणसाच्या टोल्याचा वेग मंदावतो. त्याला हलका, लवचिक दांडा हवा. पण पुष्कळ वृद्ध खेळाडू तारुण्यातला ताठ दांडा सोडीत नाहीत. महाभारताच्या मौसलपर्वात अर्जुनाची जी अवस्था झाली ती येथे आठवते. द्वारकेच्या स्त्रियांना घेऊन निघालेल्या अर्जुनावर लाठ्या घेतलेले लुटारू चालून येतात. धनुष्य तेच गांडीव, धनुर्धर तोच. पण त्याला प्रत्यंचा चढविताना श्रम पडतात, अस्त्रे आठवत नाहीत, अक्षय भाते रिते होतात. पुढे महाप्रस्थानाच्या वाटेवर अग्नी त्याला सांगतो की गांडीव वरुणाकडून आणलेले होते, ते आता परत कर. आणि अर्जुन ते पाण्यात सोडून देतो. जगातले सर्वश्रेष्ठ साधनही अखेर उसनेच असते, आणि ते केव्हा खाली ठेवावे हे कळणे हाही त्या साधनाच्या निवडीचाच शेवटचा भाग होय.

मग दोष आपला की साधनाचा, हे ओळखावे कसे? आम्हांस तीन कसोट्या सुचतात. तीच काठी जाणत्याच्या हाती देऊन पाहावी. त्याच्याही हातून तोच दोष घडला तर काठी सदोष आहे. तो घडला नाही म्हणून मात्र काठी निर्दोष ठरत नाही, कारण ती त्याच्या मापाची असून आपल्या मापाची नसेल. म्हणून दुसरी कसोटी मोजमापाची, आणि ते विक्रीत ज्याचा लाभ नाही अशा माणसाकडून करवून घ्यावे. तिसरी कसोटी काळाची: साधन बदलूनही तक्रार तीच राहत असेल तर आपण आपल्याकडे पाहावे. ज्यांना घरात मुलासाठी हा खर्च करावयाचा आहे त्यांनी आधी शिक्षकाला पैसे द्यावेत, मग वापरलेल्या पण मापाच्या सहा-सात काठ्या घ्याव्यात. पूर्ण संचाची घाई नसावी.

गोल्फच्या नियमांत २०२३ साली एक बदल झाला. खेळ चालू असताना काठी मोडली तर खेळाडूला तिच्या जागी दुसरी घेता येते. मात्र ती त्याने रागाने आपटून मोडलेली असेल तर नाही. हा नियम करणाऱ्यांनी आमच्या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत दिले आहे असे आम्हांस वाटते. साधनाने दगा दिला तर माणसाला दुसरे साधन मिळण्याचा हक्क आहे. माणसाने साधनाशी दगा केला तर उरलेल्यांवर भागविणे त्याला भाग आहे.

आपल्या घरांत खंडेनवमीला शस्त्रांची व अवजारांची पूजा होते. विळे, कोयते, करवती, एखाद्या घरी पूर्वजांची तलवार, पाटावर मांडून त्यांना हळदकुंकू वाहतात. यंदा ती मांडताना माळ्यावरही एकदा नजर टाकावी. मुलाने हट्टाने घेतलेली आणि आता त्याला आखूड झालेली बॅट, कोणी वाजवीत नाही ती पेटी, परदेशाहून आलेल्या नातवाने टाकून दिलेल्या दोन काठ्या, असे काही ना काही तेथे धूळ खात असते. ज्या मुलाच्या मापाचे ते असेल ते मूल आपल्या गावातही सापडेल. त्याला ते देताना त्याचे माप मात्र अगोदर घ्यावे.